एका अक्षराचा नेम

बोईसरला वाढलेल्या पोरांना 'म्युटेशन' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, आणि किनाऱ्यावर कुणाला तरी दोन डोक्यांचा मासा मिळाल्याची गोष्ट प्रत्येकाने कुणाच्या तरी काकांकडून ऐकलेली असते. मासा कुणीच पाहिलेला नसतो. माझ्याही डोक्यात म्युटेशन म्हणजे किरण लागून बिघडलेलं काहीतरी, एवढंच बसलं होतं.

अकरावीत माझ्या बाकावर जव्हारकडचा एक मुलगा बसायचा. थंडी पडली की त्याचे हातपाय इतके दुखायचे की वर्गात त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पीटीच्या सरांना ते नाटक वाटायचं. आम्हालाही. आम्ही त्याला 'म्हातारा' म्हणायचो. वर्षाच्या शेवटी त्याचं रक्त तपासलं तेव्हा कळलं, सिकलसेल आहे.

पुढे मी इंजिनिअर झालो, कोड लिहायला लागलो, आणि एका रात्री सहज सिकलसेलबद्दल वाचत बसलो. म्हाताऱ्याचं दुखणं हेही म्युटेशनच होतं. तारापूरशी, किरणांशी त्याचा काही संबंध नव्हता. ते हजारो वर्षं जुनं होतं आणि फक्त एका अक्षराचं होतं. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकात 'ए'च्या जागी 'टी' आला, की प्रथिनाच्या साखळीतला सहावा मणी बदलतो. ही मण्याची चूक व्हर्नन इन्ग्रमने १९५६-५७ च्या सुमारास केंब्रिजमध्ये शोधली. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हीच चूक आली, तर ऑक्सिजन सोडलेल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. एकाच बाजूने आली तर माणूस सहसा ठणठणीत असतो, वर मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. म्हणून तर हे अक्षर जंगलपट्ट्यांत टिकून राहिलं.

मला प्रश्न पडला, चूक एका अक्षराची आहे, तर तेवढं एकच अक्षर बदलता येत नाही का?

जनुकं मुद्दाम बदलण्याची सुरुवात आंधळ्या गोळीबाराने झाली. १९२७ मध्ये हर्मन मुलरने फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवलं की म्युटेशन घडवता येतं. कुठलं घडेल ते मात्र आपल्या हातात नाही. हीच पद्धत आपल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने शेतीत आणली. भुईमुगाच्या बियांना क्ष-किरण द्यायचे, त्या पेरायच्या, आणि हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडायचं. त्यातून टीजी-१ हा टपोऱ्या दाण्याचा वाण १९७३ मध्ये आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर केलेला टॅग-२४ हा वाण १९९१ मध्ये आला. त्याच्या नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. ज्या खात्याच्या भट्टीला आम्ही घाबरायचो, त्याच खात्याच्या वाणाचे शेंगदाणे कदाचित आम्ही लोकलमध्ये खात होतो.

पण ही पद्धत म्हणजे कोडमध्ये कुठेही बदल करायचे आणि जो प्रोग्राम चालेल तो ठेवायचा. भुईमुगाची नऊशे नव्व्याण्णव रोपं फेकून देता येतात. माणसांचं तसं करता येत नाही.

नेम धरायला शिकवलं ते मायकेल स्मिथने. कॅनडात व्हँकूव्हरला काम करणाऱ्या स्मिथने क्लाइड हचिसनबरोबर १९७८ मध्ये एक साधी वाटणारी युक्ती छापली. डीएनएचा जेमतेम डझनभर अक्षरांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा आणि त्यात एक अक्षर मुद्दाम वेगळं ठेवायचं. हा तुकडा एका विषाणूच्या डीएनएवर त्याच्या जुळत्या जागी जाऊन चिकटतो, कारण बाकीची अक्षरं जुळतात. मग एक विकर त्याच तुकड्यापासून पुढे उरलेली प्रत लिहून काढतं. ती जिवाणूत सोडली की पुढच्या पिढीतल्या काही विषाणूंत नेमकं ते अक्षर बदललेलं मिळतं. त्यांनी अक्षर बिघडवून दाखवलं आणि बिघडलेलं परत दुरुस्तही करून दाखवलं. १९९३ मध्ये स्मिथला नोबेल मिळालं. आधी बदल दिसायचा आणि मग त्याचं कारण शोधावं लागायचं. आता कारण आपण लिहायचं आणि काय होतं ते बघायचं.

हे सगळं परीक्षानळीतलं. जिवंत पेशीत नेम धरणं सोपं झालं ते २०१२ नंतर, क्रिस्परमुळे. वीस अक्षरांचा वाटाड्या आरएनए जागा शोधतो आणि कॅस-९ हे विकर तिथे डीएनए कापतं. त्यावरच उभा असलेला सिकलसेलचा पहिला उपचार, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मंजूर केला. गंमत म्हणजे हा उपचार त्या चुकीच्या अक्षराला हातही लावत नाही. पेशीत नवं अक्षर नेमकं लिहिण्यापेक्षा कापणं सोपं असतं. म्हणून तो दुसरीकडचं एक बटण कापतो आणि जन्मानंतर बंद पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. बग तसाच ठेवून जुनं फीचर चालू करावं, तसं. त्यासाठी रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढतात, त्या बदलतात, तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था स्वस्त देशी उपचारावर काम करते आहे.

गेल्या दिवाळीत म्हातारा बोईसर स्टेशनवर भेटला. एमआयडीसीत कामाला आहे. हातात पाण्याची मोठी बाटली, खिशात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या. मी उत्साहाने त्याला हा सगळा इतिहास सांगितला, अगदी विषाणूपासून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि किंमत विचारली. मी सांगितली. तो हसला.

मग म्हणाला, "अरे, माझ्या भाचीलाही आहे. पण तिची तपासणी पाड्यावरच झाली. बोटातून थोडं रक्त घेतलं, बस. आता तिच्या बाईंना माहीत आहे. थंडीत तिला कुणी मैदानावर पळवत नाही."

विरारकडे जाणारी गाडी आली. त्याला सॉरी म्हणायचं माझ्या ओठावर होतं. गाडीत चढताना तोच वळून म्हणाला, "आणि तिला कुणी म्हातारीही म्हणत नाही."