भंगारातून उभा राहिलेला घरगुती संगणक

जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्या घरांत एक क्रम ठरून गेलेला असतो. साडी विरली की तिची गोधडी होते, धोतर फाटले की त्याचे पंचे होतात, तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लागते. संगणकाच्या वाट्याला हा क्रम आला नाही. तो बिघडला, किंबहुना नुसता मंदावला, की थेट तागडीत जातो. आम्हीही एक असाच किलोच्या भावाने विकला. त्यातच आमच्या वडिलांनी उतारवयात एका बोटाने टंकलेली घराण्याची हकीकत होती, हे भंगारवाल्याची हातगाडी वळणाआड गेल्यावर आमच्या ध्यानात आले. तेव्हा या विषयाकडे आम्ही वळलो ते थोड्याशा अपराधी मनानेच, हे आधी सांगून टाकलेले बरे.

घरगुती संगणकाचा जन्म कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये झाला, ही कथा आता पुराणातल्या कथेइतकी रूढ झाली आहे. दोन-चार बुद्धिमान तरुण, रिकामी खोली, आणि शून्यातून निर्माण झालेले यंत्र! कथा अगदीच खोटी नाही; पण तिचा पहिला अध्याय कोणीतरी फाडून टाकला आहे. त्या अध्यायात शून्य नाही, भंगार आहे.

१९६६ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जिम सदरलँड नावाचे एक इंजिनिअर राहत होते. नोकरी वेस्टिंगहाऊस कंपनीत. कारखान्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका संगणकाचे वापरातून काढलेले भाग त्यांनी कंपनीकडून घरी आणले आणि त्यांतून आपल्या कुटुंबासाठी संगणक उभा केला. नाव ठेवले इको-४. वजन सुमारे आठशे पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंहून अधिक! चार मोठी कपाटे भरतील एवढा त्याचा पसारा. काम काय करायचा? घरखर्चाचा हिशेब ठेवायचा, सामानाची यादी सांभाळायची, घरातली घड्याळे चालवायची. एका घराच्या जमाखर्चासाठी एवढा खटाटोप, म्हणून कोणी हसेल. हसण्यापूर्वी १९६९ सालची दुसरी गोष्ट ऐकावी. त्या वर्षी नीमन-मार्कस या श्रीमंती दुकानाच्या यादीत हनीवेल कंपनीचा 'स्वयंपाकघरातला संगणक' झळकला. किंमत १०,६०० डॉलर, आणि गृहिणीला तो चालवता यावा म्हणून दोन आठवड्यांचे शिक्षण त्यात धरलेले. तो एकही विकला गेल्याची नोंद नाही. विकत घेण्याचा नवाकोरा संगणक कोणाच्या घरात शिरला नाही, आणि मोडीतून जुळवलेला संगणक घरच्या माणसासारखा नांदला. आमच्या मते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याखेरीज पुढचा इतिहास कळत नाही.

सदरलँड एकटे नव्हते. त्याच १९६६ साली स्टीफन ग्रे यांनी हौशी संगणककारांची एक संस्था काढली आणि तिचे वार्तापत्र १९७६ पर्यंत चालवले. या मंडळींपुढची मोठी अडचण स्मृतीची होती. त्या काळची स्मृती म्हणजे बारीक तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या इवल्याशा कड्या. प्रत्येक कडीत एक खूण, होय किंवा नाही. वीज गेली तरी खूण टिकते. अशा जाळ्या नव्या घ्याव्यात तर सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर. परंतु मोठ्या संस्थांचे संगणक मोडीत निघू लागले, तशा त्या जुन्या मालाच्या बाजारात येऊ लागल्या आणि हौशी लोक त्या निवडून नेऊ लागले.

याहून मौज टेलिप्रिंटरची. वृत्तसंस्थांनी आणि तारखात्यांनी टाकून दिलेले हे अवजड, खडखडाट करणारे यंत्र हौशी रेडिओवाल्यांनी आधीच उचलले होते. ते त्यांच्याकडून संगणकवाल्यांकडे आले. पण जुन्या टेलिप्रिंटरची लिपी पाच खुणांची. पाच खुणांच्या जुळण्या बत्तीस; त्यांत अक्षरे आणि आकडे दोन्ही कसे बसावेत? म्हणून मध्येच एक संकेत पाठवायचा: आता पुढचे आकडे समजा, मग दुसरा: आता पुन्हा अक्षरे. संगणकाची नवी लिपी मात्र सात खुणांची, म्हणून दोघांमध्ये दुभाषा बसवणे आले. हौशी मंडळींनी कोष्टके करून तो बसवला. मोडी वाचणाऱ्या आजोबांना देवनागरीतला निरोप समजावून द्यावा, तसाच हा प्रकार.

डोळ्यांची सोय घरच्या टेलिव्हिजनने केली. सप्टेंबर १९७३ मध्ये डॉन लँकेस्टर यांनी 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात टेलिव्हिजनच्या पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या जोडणीची माहिती दिली. यात एक धोका होता. त्या काळच्या पुष्कळ स्वस्त संचांचा आतला सांगाडा घरातल्या विजेशी सरळ जोडलेला असे. ते न पाहता तार लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकत होते. जुन्या वस्तूशी खेळायचे, तर तिचा स्वभाव आधी ओळखावा लागतो.

एवढी तयारी झालेली असताना जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० आला. सुटे भाग ३९७ डॉलरना, जोडणी ज्याची त्याने करायची. त्याला ना कळफलक, ना पडदा. नुसते खटके आणि दिवे. याला हात दिले जुन्या टेलिप्रिंटरने आणि डोळे दिले टेलिव्हिजनने. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळींची पहिली बैठक भरली. तीच ती पुराणातली गॅरेज-कथा. पुढे या मंडळाच्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअरजवळ साधा रेडिओ ठेवला आणि संगणकाच्या विजेने होणाऱ्या खरखरीतून सूर काढून दाखवले. ज्या दोषावर दुसरा कोणी कपाळाला आठ्या घालील, त्याचेच गाणे झाले. याच मंडळात वावरणारे स्टीव्ह वोझ्निअ‍ॅक यांचा अ‍ॅपल-१ हा १९७६ साली ६६६.६६ डॉलरना विकायला आला, तोही पेटीवाचून आणि कळफलकावाचून. पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन लावायचा.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग निवडून संगणक जुळवण्याचा प्रघात १९९० नंतर चांगलाच रुळला. पुष्कळांच्या घरी पहिला संगणक आला तो असाच, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेला. त्यामागचे शहाणपण कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हते. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या पोराच्या बोटांत होते. आज लिनक्ससारखी मोकळी प्रणाली घातली, की पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकही घरची छायाचित्रे आणि कागदपत्रे सांभाळायला पुरतो. मात्र अलीकडची कित्येक यंत्रे अशी डिंकाने चिकटवलेली, स्मृती मूळ पट्टीवरच डाखलेली येतात, की उघडावीत म्हटले तरी उघडत नाहीत. विकत घेतलेली वस्तू आपली असते की नाही, असा प्रश्न त्यामुळे पडतो, आणि आम्हाला तो साधा वाटत नाही.

आमच्या शेजारच्या तरुणाने हे सारे ऐकून एकच विचारले: विकण्यापूर्वी त्यातली तबकडी का काढून ठेवली नाही? चार स्क्रू काढायचे काम होते, म्हणाला. आम्हाला उत्तर सुचले नाही. इको-४ मात्र सुदैवी ठरला. दहा वर्षे त्या घरात चालून तो १९७६ मध्ये थांबला आणि १९८४ साली बॉस्टनच्या संगणक-संग्रहालयात गेला.