काठावरची अक्षरे : कृष्णधवल फिल्म आणि तिचे नाव

वडनेरच्या आमच्या जुन्या घरी एका पत्र्याच्या पेटीत निगेटिव्हची पाकिटे ठेवलेली आहेत. वडनेर हे वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाटच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. आईवडिलांच्या लग्नाचे फोटो याच घरात भिंतीवर होते आणि काही वर्षांतच ते पिवळट, तपकिरी पडले. त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. ‘फोटोवाल्याने हलकी फिल्म वापरली,’ असे आजोबा सांगत. पाहुण्यांसमोरही सांगत. त्या छायाचित्रकाराची गावातली पत या एका वाक्याने किती उतरली असेल, याचा विचार कोणी केला नाही.

अलीकडे ती पाकिटे उघडून मी एकेक पट्टी उजेडासमोर धरली. काहींच्या काठावर रोमन लिपीत ‘ऑर्वो’ अशी अक्षरे होती. लग्नाच्या पट्ट्यांवर मात्र एकही अक्षर नव्हते. म्हणजे ती मोठ्या रोलमधून अंधारात कापून जुन्या डबीत भरलेली, सुटी, बिननावाची फिल्म असावी. आजोबांचा संशय खरा ठरला, असे क्षणभर वाटले. पण निगेटिव्ह स्वच्छ होते. आईच्या मुंडावळ्यांचा एकेक पदर मोजता येत होता. खराब झाले होते ते कागदावरचे फोटो, आणि तेही फिल्ममुळे नव्हे. छपाईनंतर कागदातला हायपो पुरेशा पाण्याने धुतला गेला नाही, की तो चांदीला हळूहळू खातो आणि चित्र पिवळे पडते. दोष पाण्याचा होता. आळ नावावर, किंबहुना नाव नसण्यावर आला.

या निमित्ताने पडलेला प्रश्न छायाचित्रणापुरता नाही. एखाद्या वस्तूचे नाव आपल्याला तिच्याविषयी नेमके काय सांगते?

आमच्या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव होतेच, पण मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत ते कापसाच्या प्रतीचेही नाव होते. इथली ‘बनी’ कपाशी तिच्या तलम, लांब धाग्यासाठी हिंदुस्थानातल्या उत्तम देशी वाणांत गणली जाई. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाची मागणी एकाएकी वाढली आणि भेसळीच्या तक्रारीही वाढल्या. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदाच केला. पुढे बनी मागे पडली आणि रुईचा उतारा जास्त देणाऱ्या, जाड व आखूड धाग्याच्या जातींनी तिची जागा घेतली. माती तीच, शेतकरी तोच, बाजारही तोच. धागा मात्र दुसरा.

कापसाचा हा दाखला मी केवळ गावच्या अभिमानापोटी देत नाही. फिल्मचा पारदर्शक पाया, म्हणजे आधी नायट्रेट आणि नंतर ॲसिटेट, सेल्युलोजपासून होतो आणि त्या सेल्युलोजचा एक जुना स्रोत म्हणजे सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू. या पायावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा थर देतात. हा थर देणे हे खरे अवघड, भांडवलाचे आणि गुप्ततेचे काम. त्यानंतरची कामे म्हणजे रुंद रोल कापणे, कडेला भोके पाडणे, काठावर अक्षरे उमटवणे आणि डबीत भरणे. ती वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांकडूनही होऊ शकतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्रही आणले, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची मिळे. फिल्म ज्याने बनवली तो आणि ज्याच्या नावाने ती विकली जाते तो, हे दोघे निराळे असू शकतात, याचे मूळ या कामाच्या विभागणीतच आहे.

आता त्या ‘ऑर्वो’ अक्षरांकडे वळू. १९७० च्या दशकात भारतात परदेशी चलन दुर्मीळ होते, आयात परवान्यांवर चाले आणि कोडॅकची फिल्म सहज हाती लागत नसे. पूर्व जर्मनीशी मात्र रुपयांत व्यापार चाले. त्यामुळे ऑर्वो मिळत असे आणि परवडत असे. परवडते ते हलके, हा आपला जुना न्याय. ऑर्वोकडेही पुष्कळांनी त्याच नजरेने पाहिले.

प्रत्यक्षात ऑर्वोचा कारखाना जर्मनीतल्या वोल्फेन गावचा. १९१० च्या सुमारास तो सुरू झाला तेव्हा तिथल्या फिल्मचे नाव होते ‘आगफा’. १९३६ साली आगफाची प्रसिद्ध रंगीत फिल्म निघाली ती इथूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर वोल्फेन पूर्वेकडे गेले आणि पश्चिमेकडे लेव्हरकूझेनला आगफाने फिल्मचे उत्पादन नव्याने उभारले. काही वर्षे दोन्हीकडे एकच नाव चालले. अखेर नाव पश्चिमेकडे राहिले आणि १९६४ साली वोल्फेनच्या फिल्मला ‘ऑर्वो’ हे नाव मिळाले. ‘ओरिजिनल वोल्फेन’, अर्थात ‘अस्सल वोल्फेन’, याचेच ते लघुरूप. आपल्याकडचा ग्राहक ज्या फिल्मला आगफाची स्वस्त पर्यायी वस्तू समजत होता, ती आगफाच्याच मूळ घरात तयार होत होती. घर एकीकडे राहिले आणि पाटी दुसरीकडे गेली.

आपल्या देशाने स्वतःची पाटीही लावून पाहिली. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. उटीच्या थंड, धूळविरहित हवेत तिचा कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञान फ्रान्सच्या बोशे कंपनीचे होते. १९६७ साली उत्पादन सुरू झाले आणि फिल्मचे नाव ठरले ‘इंदू’. चंद्राचे हे नाव चांदीच्या फिल्मला शोभणारे होते. युरोपातले जुने किमयागार चांदीला चंद्राचा धातू मानत. एक्स-रे फिल्म, चित्रपटांच्या प्रतींसाठी लागणारी फिल्म, फोटोचा कागद आणि कॅमेऱ्यांचे रोल असे पुष्कळ काही या नावाने निघाले. छोट्या गावांतल्या स्टुडिओंना इंदूचा आधार होता. तरीही तिच्याविषयी बोलताना ‘आपलीच आहे, चालवून घ्या’ असा सूर असे. विशेष हे, की इंदूचा थर उटीलाच दिला जाई. ती कोणाच्या मालावर चिकटवलेली चिठ्ठी नव्हती. तरी परदेशी नावाच्या सावलीत तिला दुय्यमच मानले गेले. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, कर्जाचा बोजा वाढला, कंपनी आजारी ठरली आणि आता तो कारखाना बंद आहे.

नाव आणि वस्तू यांच्या या संबंधाचे तीन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, वस्तू तीच आणि नाव दुसरे. चेक प्रजासत्ताकातल्या फोमा कारखान्याची फिल्म अमेरिकेत ‘अरिस्ता’ या नावाने कमी किमतीत विकली जाते, ती या प्रकारची. दुसरा, कारखाना तोच पण पाककृती दुसरी. इंग्लंडची हार्मन कंपनी ‘इल्फर्ड’ बनवते आणि स्वस्त ‘केंटमियर’ही बनवते; परंतु घर एक म्हणून दोन्ही फिल्म एक ठरत नाहीत. तिसरा प्रकार सर्वांत बोलका : नाव तेच आणि कारखाना दुसरा. जपानच्या फुजीने आपली ‘ॲक्रॉस’ ही कृष्णधवल फिल्म २०१८ साली थांबवली आणि २०१९ साली ‘ॲक्रॉस २’ म्हणून परत आणली. तिच्या वेष्टनावर मात्र ‘इंग्लंडमध्ये तयार’ असे लिहिलेले आहे. म्हणजे स्वस्त वस्तूच तेवढी परक्या घरातली असते, हा समज येथे उलटा होतो.

मग नावाजलेल्या फिल्मला जास्त पैसे मोजणे हा केवळ भ्रम आहे काय? मला तसे वाटत नाही. छायाचित्रकार नावासाठी मोजतो ते प्रामुख्याने सातत्यासाठी. या वर्षी विकत घेतलेला रोल मागच्या वर्षीच्या रोलसारखाच वागेल, याची ती हमी असते. लग्न दुसऱ्यांदा लागत नाही. तेव्हा ही हमी मोलाची आहे. सुट्या फिल्मचा दोष ती वाईट असते हा नाही. आजचा तुकडा कालच्यासारखाच असेल, असे कोणी सांगू शकत नाही, हा आहे. अशा वेळी जबाबदारी कारखान्याकडून माणसाकडे येते. आधी एक तुकडा धुऊन पाहायचा, उजेडाचा अंदाज बांधायचा, औषधाची वेळ ठरवायची. आमच्या लग्नाचे निगेटिव्ह चांगले निघाले, याचा अर्थ त्या माणसाने हे सारे केले होते. धुण्याच्या पाण्यापाशी तो कमी पडला. मे महिन्यातल्या वडनेरात पाणी कमी पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यातले काहीच अपरिचित वाटू नये. हस्तलिखित हाती आले की आपण पोथीवर घातलेल्या नव्या कापडावरून तिचे मोल ठरवत नाही. शेवटच्या पानावरची पुष्पिका पाहतो : लेखनकाराने कोठे, कोणत्या शकात, कोणासाठी नक्कल केली. पुष्पिका नसेल तर अक्षरवळण, कागद, पाठभेद यांवरून तर्क करतो आणि तो तर्क आहे हे नमूद करतो. फिल्मच्या काठावरची अक्षरे ही तिची पुष्पिका होय. ती असतील तर वाचावीत. नसतील तर चित्र वाचावे. पुष्पिका हरवली म्हणून पोथी खोटी ठरत नाही.

ते निगेटिव्ह मी पुन्हा छापून घेतले आणि नवे फोटो वडनेरच्या घरी लावले. आजोबा आता नाहीत आणि तो छायाचित्रकारही नाही. फोटोच्या मागे मी तारीख, गाव आणि त्याचे नाव लिहिले. फिल्मच्या नावाची जागा कोरी ठेवली.