शोध-लायब्ररी, मुक्तस्रोत : आवृत्तीबदल आणि सुसंगतता

मजकुराच्या मोठ्या साठ्यातून हवा तो दस्तऐवज शोधून देणारी, दुसऱ्या प्रणालीच्या पोटात बसवता येणारी आणि स्रोत सर्वांना खुला असलेली संगणकीय लायब्ररी. ल्युसीन (जावा), झॅपियन (सी++) आणि टँटिव्ही (रस्ट) ही तिची परिचित उदाहरणे. नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीवर बेतलेले काम तसेच चालेल का, आणि चालणार नसेल तर वापरणाऱ्याला ते कसे कळवायचे, हा प्रश्न सगळ्याच लायब्रऱ्यांपुढे असतो. शोध-लायब्ररीच्या बाबतीत तो जास्त अवघड होतो, कारण तिने तयार केलेला इंडेक्स डिस्कवर वर्षानुवर्षे पडून राहतो. कोड एका दुपारी बदलता येतो. लाखो पाने पुन्हा इंडेक्स करायची तर मूळ मजकूर हाताशी लागतो, आणि तो दरवेळी असतोच असे नाही.

इंडेक्स म्हणजे शब्दांवरून दस्तऐवजाकडे नेणारी सूची. ती करताना मजकूर आधी ‘अ‍ॅनालायझर’मधून जातो : टोकनायझर मजकुराचे शब्द पाडतो, नॉर्मलायझर लिहिण्यातले फरक मिटवतो, स्टेमर प्रत्यय छाटतो. शोधणाऱ्याने टाकलेला शब्दही याच वाटेने जातो, आणि दोन्ही बाजूंना हाती आलेले तुकडे जुळले तरच निकाल मिळतो. त्यामुळे येथे सुसंगततेचे तीन थर पडतात. पहिला कोडचा : जुने फंक्शन अजून आहे का. दुसरा इंडेक्सच्या स्वरूपाचा : नवी आवृत्ती जुन्या फाइली वाचते का. तिसरा वर्तनाचा : तोच शब्द तसाच तुटतो का. पहिले दोन बिघडले तर प्रोग्राम बोंब मारतो. तिसरा बिघडला तर कोणीच काही बोलत नाही, फक्त निकाल बदलतात.

ल्युसीन डग कटिंग यांनी १९९९मध्ये लिहिली. नाव त्यांच्या पत्नीचे मधले नाव. २००१मध्ये ती अपाची जकार्ता प्रकल्पात आली आणि २००५पासून अपाचीचा स्वतंत्र प्रकल्प झाली. बदल कळवण्याची तिची शिस्त या क्षेत्रात वाखाणली जाते. प्रत्येक आवृत्तीसोबत ‘चेंजेस’ ही फाइल येते आणि तिच्यात एपीआयमधले बदल, चालतानाच्या वर्तनातले बदल, नव्या सोयी, दुरुस्त्या अशी वेगवेगळी खाती असतात. मोठ्या आवृत्तीसोबत ‘मायग्रेट’ ही दुसरी फाइल असते. जुने काय गेले आणि त्याच्या जागी काय वापरायचे, एवढेच ती सांगते. कोडमध्ये ‘डेप्रिकेटेड’ ही खूण म्हणजे निवृत्तीची पूर्वसूचना, तर ‘एक्सपेरिमेंटल’ आणि ‘इंटर्नल’ या खुणा असलेल्या भागावर विसंबू नये असा इशारा. २००९च्या सप्टेंबरमध्ये आलेली २.९ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेली ३.० ही जोडी या पद्धतीचा नमुना मानता येईल. २.९मध्ये नवे-जुने दोन्ही मार्ग शेजारी ठेवले; ३.०मध्ये जुने काढून टाकले. ज्याचा कोड २.९वर एकही इशारा न येता कंपाइल झाला, तो ३.०वर सहसा सरळ जाई.

इंडेक्सबाबत नियम सोपा आहे : आपल्या मागच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंतचे वाचायचे, त्यापलीकडचे नाही. जुन्या स्वरूपांचा वाचक ‘बॅकवर्ड कोडेक्स’ नावाच्या वेगळ्या भागात ठेवलेला असतो. पूर्वी एकेक पायरी चढत इंडेक्स पुढे नेता येई. ७पासून इंडेक्सच्या आतच त्याचे ‘जन्मवर्ष’, म्हणजे तो ज्या मोठ्या आवृत्तीत प्रथम तयार झाला तिचा आकडा, नोंदवला जाऊ लागला आणि ८.०ने (२०१९) ७च्या आधी जन्मलेले इंडेक्स सरळ नाकारले, मग ते मधल्या आवृत्तीने नव्या स्वरूपात लिहून घेतलेले का असेनात. हा नियम जाचक वाटतो, पण कारण खरे आहे. ७मध्ये मजकुराची लांबी साठवण्याची रीत बदलली, आणि जुन्या रीतीत जी माहिती साठवतानाच गळाली होती ती कितीही वेळा नव्याने लिहिली तरी परत येणार नाही.

वर्तनाचा थर देवनागरीत कसा बिघडतो हे एका गावाच्या नावावरून पाहता येते. पिंपळी हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, काटेवाडीच्या अलीकडचे गाव; संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की याच रस्त्याने जाते. ल्युसीनच्या ३.०पर्यंतच्या ‘स्टँडर्ड टोकनायझर’ला अक्षर म्हणजे फक्त मूळ वर्ण वाटे. वेलांट्या, अनुस्वार, मात्रा ही युनिकोडमध्ये ‘जोडचिन्हे’ आहेत, वर्ण नाहीत. म्हणून तेथे शब्द तुटत असे. ‘पिंपळी’चे ‘प’ आणि ‘पळ’ असे दोन तुकडे पडत. ‘पिंपळे’चे आणि ‘पिंपळ’चेही नेमके तेच. शोधशब्दही तसाच तुटत असल्याने आणि त्या काळचा क्वेरी पार्सर असे तुकडे आपोआप वाक्प्रयोग म्हणून एकापुढे एक शोधत असल्याने पिंपळी सापडे खरी, पण सोबत पिंपळे आणि पिंपळाचे झाडही येत.

मार्च २०११च्या ३.१मध्ये हा टोकनायझर युनिकोडच्या शब्दविभाजनाच्या नियमांवर आणला गेला. ‘पिंपळी’ एकसंध राहू लागली. मराठी वाचकाच्या दृष्टीने ल्युसीनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा. पण ३.०चा इंडेक्स तसाच ठेवून कोणी शोधाची बाजू तेवढी नव्या वर्तनावर नेली तर? इंडेक्समध्ये ‘प’ आणि ‘पळ’ आहेत, शोध ‘पिंपळी’चा आहे. निकाल शून्य. इंडेक्स विनातक्रार उघडतो, कोड कंपाइल होतो, चूक म्हणून एक ओळही पडद्यावर येत नाही. हे टाळण्यासाठी २.९पासून ‘व्हर्जन’ नावाचा स्थिरांक अ‍ॅनालायझरला द्यावा लागे. त्यात ३.० लिहिले तर ३.१मध्येही जुनेच वर्तन मिळे, म्हणजे आवृत्ती वाढवणे आणि वर्तन बदलणे ही दोन कामे वेगळी करता येत. ल्युसीनवर उभारलेल्या सोलर या शोध-सर्व्हरच्या मांडणीफाइलमध्ये हाच आकडा ‘ल्युसीन मॅच व्हर्जन’ म्हणून असतो. जाणकार त्याला उगाच हात लावत नाहीत, आणि लावला तर सगळा साठा पुन्हा इंडेक्स करतात. ‘नेहमी चालू आवृत्ती’ असा एक पर्यायही होता. तो सोयीचा दिसे आणि नेमका याच कारणाने घातक ठरे; पुढे त्याच्यावरही डेप्रिकेटेडची खूण बसली.

३.१मध्येच भारतीय भाषांसाठी वेगळा ‘इंडिक टोकनायझर’ आला होता. स्टँडर्ड टोकनायझर तेच काम करू लागल्याने ३.६मध्ये त्याला निवृत्तीची खूण लागली. हिंदी अ‍ॅनालायझरही ३.१मध्येच आला. त्याच्या स्टेमरचे मूळ मुंबईत आहे : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतील अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी २००३मध्ये मांडलेला हलका हिंदी स्टेमर. मराठीसाठी मात्र ल्युसीनमध्ये स्वतंत्र अ‍ॅनालायझर नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी आहेत. म्हणून अनेक ठिकाणी मराठी मजकूर हिंदीच्या साखळीतून काढला जातो. त्याचा नॉर्मलायझर काही बाबतींत मराठीला उपयोगी पडतो : ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कोणी ‘ऱ’ वापरून टाइप केला काय किंवा ‘र’ला अदृश्य जोडक लावून टाइप केला काय, तो दोन्ही एकच करतो. स्टेमर मात्र ‘पिंपळी’ची वेलांटी छाटून पुन्हा ‘पिंपळ’ करतो आणि ‘पिंपळीत’चा ‘त’ तसाच सोडतो. गावाच्या नावाने शोधणाऱ्याला झाड मिळते, गावात घडलेली बातमी मिळत नाही. मराठीसाठी हलके स्टेमर तयार झाले, आणि २००८मध्ये सुरू झालेल्या ‘फायर’ या चाचणी-उपक्रमात ‘महाराष्ट्र टाइम्स’ व ‘सकाळ’च्या बातम्यांच्या संग्रहावर मराठी शोधाचे मोजमापही झाले. ते काम ल्युसीनच्या मुख्य प्रवाहात आले नाही. त्यामुळे मराठी साखळी स्वतः रचणाऱ्याच्या बदलांची नोंद कोणत्याही ‘चेंजेस’ फाइलमध्ये सापडत नाही. ती त्यानेच ठेवायची.

गुणांकनातले बदलही वर्तनाच्या याच मूक थरातले. ६.०मध्ये (२०१६) निकालांची क्रमवारी लावण्याचे मूळ सूत्र बदलून बीएम२५ आले. ८.०मध्ये त्या सूत्रातला एक स्थिर गुणक काढला : क्रम तोच, आकडे लहान. ‘गुण अमुकपेक्षा कमी असेल तर दाखवू नको’ असे ज्यांनी लिहून ठेवले होते त्यांचे निकाल गळले. मायग्रेट फाइलमध्ये हे स्पष्ट लिहिले होते आणि जुन्या सूत्राचा वर्गही दिला होता.

ल्युसीनवर उभ्या राहिलेल्या सर्व्हरांमध्ये प्रश्न दुमजली होतो. सोलर २०१०मध्ये ल्युसीनशी एकत्र आला आणि २०२१मध्ये पुन्हा स्वतंत्र प्रकल्प झाला. इलॅस्टिकसर्चचे (२०१०) आकडे ल्युसीनच्या आकड्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. जानेवारी २०२१मध्ये इलॅस्टिकने परवाना बदलला, ७.१०.२पासून फुटून ओपनसर्च निघाले आणि त्याने स्वतःची गणती १.०पासून सुरू केली. मग जुनी क्लायंट साधने समोर ‘१.०’ पाहून अडू लागली. उपाय म्हणून ओपनसर्चमध्ये अशी एक मांडणी दिली गेली, की विचारल्यावर सर्व्हरने आपली आवृत्ती ७.१०.२ सांगावी. सुसंगततेसाठी अधिकृतपणे खोटे बोलण्याचे असे उदाहरण विरळाच. २.०मध्ये ती सोय काढली.

झॅपियनची रीत साधी आहे. सम आकड्याची मालिका स्थिर, विषम प्रयोगाची. आणि निवृत्त होणाऱ्या गोष्टींचे एक कायमचे कोष्टक, ज्यात काय, कधीपासून, कधी जाणार आणि त्याऐवजी काय हे एका ओळीत मिळते.

महाराष्ट्रात या साखळीचे टोक बहुतेकांना दिसते ते वेगळ्याच नावांनी. विद्यापीठांचे प्रबंध ठेवणारे इन्फ्लिबनेट या संस्थेचे शोधगंगा हे भांडार डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालते आणि डीस्पेसचा शोध सोलरवर. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा शोध आधी थेट ल्युसीनवर होता, २०१४च्या सुमारास तो इलॅस्टिकसर्चवर गेला. दोन्हीकडे वाचकासमोर फक्त एक रिकामी चौकट असते आणि तिच्यामागे कोणती आवृत्ती आहे हे तेथे लिहिलेले नसते.