एकोणचाळीस अंकांची मूळ संख्या

ज्वारीचा एक दाणा घ्या. त्याचे दोन करा, दोनाचे चार, चाराचे आठ. असे १२७ वेळा दुप्पट करून त्यातून एक काढून टाका. उरलेली संख्या अशी :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

अंक मोजा, एकोणचाळीस भरतील. हिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही. म्हणजे ही मूळ संख्या आहे. पण हे कळले कसे?

फ्रान्समधील मर्सेन या विद्वान ख्रिस्ती मठवासीयाने १६४४ साली एक यादी छापली. दोनाचा कितवा घात घेऊन एक वजा केला म्हणजे मूळ संख्या मिळते, हे तिच्यात २५७ व्या घातापर्यंत दिले होते. तिच्यात ६७ होता, १२७ही होता. पुरावा मात्र नव्हता. ऑयलरने १७७२ साली ३१ वा घात पडताळला. त्यापुढे भागाकाराची वाट खुंटते. आपल्या संख्येसाठी वीस अंकी भाजकांपर्यंत जावे लागेल, आणि सेकंदाला एक भागाकार केला तरी त्याला अब्जावधी वर्षे लागतील!

ही कोंडी १८७६ साली एदुआर ल्युका याने फोडली. या फ्रेंच गणितज्ञाची बरीच हयात शाळेत गणित शिकविण्यात गेली. त्याची रीत फळ्यावर करून पाहा. दोनाचा सातवा घात वजा एक, म्हणजे १२७. तीनापासून आरंभ करा. वर्ग करा, दोन वजा करा, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवा. तिनाचे ७ झाले, साताचे ४७. सत्तेचाळिसाचे २२०७, बाकी ४८. पुढे १६, आणि शेवटी २५४, बाकी शून्य! घात सात, म्हणून दोन कमी, पाच पायऱ्या. पाचवीला शून्य आले की संख्या मूळ. न आले तर नाही. चाराने भागता तीन उरतात अशा मूळ घातांना ही रीत लागू पडते. १२७ वा घात तसाच आहे. त्याला पायऱ्या १२५.

ल्युकाने १२७ वा घात खरा ठरविला आणि ६७ वा खोटा. एकही भाजक न सापडता संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले! तिचे भाजक, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकेतील कोल याने १९०३ साली दाखविले. मर्सेनचा २५७ वा घातही पुढे चुकीचा निघाला. नाव मोठे, ग्रंथ जुना, म्हणून गणितात कोणाला सूट मिळत नाही.

ल्युकाची ही संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. लेमरने १९३० साली सुधारलेली तीच रीत आज संगणक वापरतात. २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खात्रीही तिनेच पटविली.

शिक्षकबंधूंनी मुलांना आणखी एक गंमत दाखवावी. दोनाचा दुसरा घात वजा एक, ३. तिसरा घात वजा एक, ७. सातवा, १२७. एकशेसत्ताविसावा, ही आपली संख्या. चारही मूळ! आता हीच संख्या घात म्हणून घेतली तर? त्या पाचव्या पायरीचे उत्तर जगात अजून कोणालाही मिळालेले नाही.