खेळांचा मांडव उठल्यावर

सारंगखेड्याची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आणि यात्रा उठली की तंबूही उठतात. तरी पुढल्या वर्षी माणसे पुन्हा येतात; पाहुण्यांची सोय कशी लावावी हे त्या गावाच्या अंगवळणी पडलेले असते.

मोठे क्रीडामहोत्सव भरविणाऱ्या शहरांपाशी मागे काय उरते, हा प्रश्न आला की मला हे मैदान आठवते. पुण्याचेच पाहा ना. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर १९१९ च्या सुमारास शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा हजर होते. अनवाणी धावणारे शेतकरी पाहून, यांना ऑलिंपिकला धाडावेच, असे त्यांच्या मनाने घेतले. नियमांची जाण बेताचीच होती. उत्साह मात्र दांडगा! १९२० मध्ये अँटवर्पला चार धावपटू व दोन मल्ल गेले. फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पदक कोणालाच नाही. परंतु याच खटपटीतून १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. यासाठी पुण्याने कोणतेही प्रचंड स्टेडियम बांधले नव्हते.

ते बांधले गेले १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी, बालेवाडीस, सुमारे दीडशे एकरांवर. पुढे १९९७ मध्ये बालेवाडी महापालिकेत आली, शेजारी हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शेतांच्या जागी इमारती उठल्या. याचे सारे श्रेय स्पर्धांना देणे मला पटत नाही. शहर त्या अंगाला सरकतच होते. पण २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी ७१ देशांचे खेळाडू आले, तेव्हा तीच क्रीडानगरी डागडुजी करून कामी आली. पुढे तेथे फुटबॉल झाला, २०१८ पासून काही वर्षे आंतरराष्ट्रीय टेनिसही झाले. प्रेक्षकांनी भरलेले दिवस थोडे, ओस दिवस फार, हा हिशेब अशा सर्वच वास्तूंच्या वाट्याला येतो. तेथील क्रीडा प्रबोधिनीत मुले राहून शिकतात, ही मला त्यातली सर्वांत मोलाची बाब वाटते.

आता आपल्याकडे वळू. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला सातपुड्याचे चढउतार पायाखालचे असतात. बालेवाडीची धावपट्टी मात्र त्याच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. त्या पोराच्या पाड्यावर हातात घड्याळ घेऊन उभे राहणारे कोण आहे? १९१९ साली त्या अनवाणी शेतकऱ्यांकडे पाहणारा एक तरी माणूस मैदानाच्या कडेला होता.