बिंदू गेला, ‘केले’ राहिले

इंग्रजी शिकताना पोरं एकदा तरी विचारतातच : ‘नाइट’ म्हणजे सरदार, मग स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘के’ कशाला? तर तो ‘के’ एके काळी खरंच बोलला जायचा, मधलं ‘जी-एच’सुद्धा. कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढं छापील रूप घट्ट होत गेलं, तोंड मात्र बदलत राहिलं.

आपण हसतो त्यांना. पण आपल्या आजोबांची जुनी पुस्तकं उघडा : नांव, गांव, घरांत, केलें. हे बिंदू उगाच नव्हते. ‘ग्राम’मधला म विरघळला आणि त्याचं नाकातलं सूर ‘गांव’मध्ये उरलं. मग देशावरच्या बोलण्यातून तेही गेलं. गोव्याच्या कोंकणीत ‘केलें’ आजही नाकातून ऐकू येतं, जाऊन ऐका.

मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली नियम केले आणि न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्यांचा ताप वाचला, हे आपण मान्य करू. पण एक गंमत झाली. पूर्वी ‘ते पडले’ म्हणजे मुलगे, आणि ‘तें पडलें’ म्हणजे मूल. आता दोन्ही ‘ते पडले’. तोंडानं मात्र हा फरक सोडलाच नव्हता! मुलगे ‘पडले’, मूल ‘पडलं’, असंच आपण बोलतो. नियमांनी ‘पडलं’ला संवादात जागा दिली, औपचारिक लेखनात नाही. म्हणजे लेखन उच्चाराजवळ आणायला निघालो आणि एका जागी नवीच फट पाडून बसलो.

आज इथं कैनाडला हे मुद्दाम बोलतोय. मूल ‘पडले’ असं पुण्यात तरी घरी कोण बोलतं? मग वारली बोलणाऱ्या घरातल्या पोराला ते किती लांब पडत असेल! उत्तर कोकणातल्या कित्येक बोलींत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. पोरानं ऐकलं तसं वहीत लिहिलं की लाल खूण. आणि आपण मास्तर मंडळी? ‘काय केलं रे?’ असं विचारतो, फळ्याकडं वळतो आणि लिहितो, ‘केले’.