‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे हौशी प्रयोग व वेषाचा वाद

शेक्सपियरचें एखादें विनोदी नाटक हौशी मंडळींनीं चालू काळच्या पोशाखांत व चालू काळच्या एखाद्या शहरांत घडवून दाखविलें, म्हणजे जुन्याच्या अभिमान्यांकडून त्यावर बहुधा एकच आक्षेप येतो. तो असा कीं, नाटक ज्या काळचें त्या काळच्या वेषांतच तें झालें पाहिजे. एरवीं तो इतिहासाचा विपर्यास होय. संशोधकवर्गास हा आक्षेप विशेष गोड लागतो. कारण कालविपर्यास हुडकून काढणें हा आमचा नित्याचाच उद्योग. परंतु आक्षेप घेणारानें पुरावा दाखवावा हा नियमही आमच्याच शास्त्राचा असल्यामुळें, या प्रश्नीं कागद काय सांगतात तें पाहणें प्राप्त आहे. याकरितां आम्हीं ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हें एकच नाटक घेतलें आहे. शेक्सपियरच्या सर्व नाटकांत तें आखूड, सुमारें १,८०० ओळींचें आहे. पुष्कळ टीकाकारांनीं त्यास पोरखेळ म्हणून बाजूस सारलें. तथापि त्याच्या प्रयोगाचा सर्वांत जुना जो लेखी उल्लेख सांपडतो, तो हौशी मंडळींच्याच एका वृत्तांतांतला आहे.

कथानक थोडक्यांत असें. सिराक्यूजचा व्यापारी ईजियन यास दोन जुळे मुलगे, दोघांचें नांव अँटिफोलस. त्यांच्या सेवेस दोन जुळे चाकर, दोघांचें नांव ड्रोमिओ. गलबत फुटून सर्वांची ताटातूट होते. पुढें एक जोडी दुसरीच्या शोधांत एफेसस शहरीं येते, आणि एका दिवसांत बायको, मेहुणी, सोनार, शिपाई असें सबंध शहर ह्याला तो व त्याला हा समजून घोटाळ्यांत पडतें. अखेर मठाची अधिकारीण हीच ईजियनची हरवलेली बायको निघते.

ही कल्पना शेक्सपियरची नव्हे. ख्रिस्तपूर्व १८४ च्या सुमारास वारलेल्या प्लॉटस या रोमन नाटककाराच्या ‘मेनेक्मी’ नाटकांतून ती घेतली असून, चाकरांची दुसरी जोडी त्याच्याच ‘अँफिट्रुओ’ नाटकावरून बसविली आहे. प्लॉटसनें तरी आपल्या नाटकांचा सांगाडा ग्रीकांकडूनच उचललेला. त्याचीं पात्रें ग्रीक झगे घालून ग्रीक गांवांत हिंडतात, पण गोष्टी सांगतात त्या रोमच्या बाजाराच्या व कचेऱ्यांच्या. ‘मेनेक्मी’चा प्रास्ताविक बोलणारा नट तर प्रारंभींच विनोदानें कबूल करतो कीं, हें नाटक चालूं आहे तोंवर या गांवाचें नांव एपिडॅम्नस, दुसरें नाटक लागलें कीं गांवही दुसरें. शेक्सपियरनें एपिडॅम्नसचें एफेसस केलें. बायबलांतील प्रेषितांच्या वृत्तांतांत हें शहर जादूटोण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि नाटकांतले लोक प्रत्येक घोटाळ्याचें खापर चेटकावर फोडतात, हा मेळ उगाच जुळलेला नाहीं.

आतां हें एफेसस कोणत्या काळचें? नांव प्राचीन, परंतु तेथें ख्रिस्ती मठ आहे, घड्याळाचे ठोके पडतात, दंड व देणें मोजावयाचें तें मार्क व डुकाट या नाण्यांत, आणि ऋणकोस धरावयास येणारा शिपाई लंडनच्या शिपायाप्रमाणें कातडी डगला घालून येतो. तिसऱ्या अंकांत ड्रोमिओ एका लठ्ठ स्वयंपाकिणीच्या देहावर देशोदेशींचा नकाशाच मांडतो. त्यांतला फ्रान्स आपल्याच वारसाशीं झगडणारा आहे. चौथ्या हेन्रीच्या वारसाहक्काचें हें युद्ध इ. स. १५८९ पासून चाललेलें. म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकांस तें बाजारगप्पेइतकें ताजें. अमेरिकेचें नांव शेक्सपियरच्या सर्व नाटकांत याच एका ठिकाणीं येतें, आणि तेंही इंडीजच्या जोडीनें. प्राचीन एफेससच्या चाकरास अमेरिका ठाऊक असणें हा कालविपर्यास खराच. पण तो प्रयोग करणारांचा नव्हे, खुद्द कवीचा.

प्रयोगाच्या पुराव्याकडे वळूं. लंडन येथें कायद्याचें शिक्षण देणाऱ्या ज्या चार जुन्या संस्था आहेत त्यांपैकीं ग्रेज इन ही एक. इ. स. १५९४ च्या नाताळांत तेथील तरुण मंडळींनीं एक लुटुपुटीचें राज्य उभारलें. प्लेगमुळें असे उत्सव कांहीं वर्षें बंद होते, त्यामुळें हौस दांडगी. नॉर्फोककडील हेन्री हेल्म्स यास ‘पर्पूलचा राजा’ नेमून त्याचा दरबार, प्रधान, चोपदार सर्व कांहीं सिद्ध केलें. ता. २८ डिसेंबरच्या रात्रीं इनर टेंपल या दुसऱ्या कायदेसंस्थेचा वकील समारंभानें बोलाविला होता (येथें वकील हा शब्द आमच्या मराठेशाहींतल्या अर्थानें घ्यावा). गर्दी इतकी लोटली कीं प्रेक्षक रंगमंचावरही चढले. योजिलेले खेळ करण्यास जागाच उरेना, आणि पाहुणा वकील रुष्ट होऊन आपल्या लोकांसह निघून गेला. मग नाच झाले. आणि शेवटीं प्लॉटसच्या ‘मेनेक्मी’सारखें एक घोटाळ्यांचें नाटक नटांनीं करून दाखविलें. त्या रात्रीस पुढें ‘घोटाळ्यांची रात्र’ हेंच नांव पडलें.

हे नट धंदेवाईक होते हें खरें. परंतु खरी मौज पुढें आहे, व ती हौशी मंडळींची आहे. त्यांनीं लागलीच न्यायसभा भरविली आणि कालची सर्व गडबड एका जादूगारानें घडवून आणली असा त्यावर आरोप ठेवला. मुळांतच गोंधळ असतां हलक्या लोकांची एक टोळी आणवून त्यानें घोटाळ्यांच्या नाटकाची त्यांत भर घातली, हेंही आरोपांतलें एक कलम होतें. आरोपीनें आपली बाजू मांडली, निकाल उलटला, कैदी सुटला आणि सरकारतर्फे फिर्याद चालविणारे कायदेपंडितच तुरुंगांत पाठविले गेले. नाटकांतील एफेससकरांची जी समजूत, कीं हा सर्व चेटकाचा प्रकार, तीच या मंडळींनीं उचलून आपल्या सभागृहास लागू केली. वेष आपला, स्थळ आपलें, कायदाही आपलाच. शेक्सपियरचें विनोदी नाटक स्वतःच्या काळांत व स्वतःच्या गांवांत आणून खेळणारी पहिली हौशी मंडळी आमच्या मतें हीच. आणि तीही नाटक ताजें असतांना, कवि हयात असतांना.

हा सर्व वृत्तांत ‘गेस्टा ग्रेयोरम’ या पुस्तकांत आहे. तें छापलें गेलें इ. स. १६८८ मध्यें, म्हणजे प्रसंगानंतर ९४ वर्षांनीं. तोंवर तें हस्तलिखितरूपानेंच टिकून राहिलें. शेक्सपियरचें नांव त्यांत कोठेंच नाहीं. त्या टोळींत तो असावा हें अनुमान दुसऱ्या एका कागदावरून निघतें. राणीच्या खजिन्याच्या हिशेबांत केंप, शेक्सपियर व बर्बेज या तिघांस १५९४ च्या डिसेंबरच्या २६ व २८ या तारखांस ग्रीनिच येथें दरबारापुढें केलेल्या खेळांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. परंतु त्याच २८ तारखेच्या दरबारी खेळाबद्दल लॉर्ड ॲडमिरलच्या नाटक मंडळीसही पैसे दिलेले आहेत. आणि २८ च्या रात्रीं तर ग्रेज इनमध्यें घोटाळ्यांचें नाटक चाललेलें. यावरून कारकुनानें २७ च्या ठिकाणीं २८ लिहिली असावी असा तर्क अभ्यासकांनीं केला आहे. आमच्याकडील जुन्या रोजकीर्दी ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांस हा तर्क मुळींच ओढूनताणून आणलेला वाटणार नाहीं.

यानंतर सुमारें १०० वर्षांनीं उत्तर फ्रान्सांतील दुए या गांवीं आणखी एक पुरावा भेटतो. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७८७ क्रमांकाचें एक इंग्रजी हस्तलिखित आहे. त्यांत शेक्सपियरचीं सहा नाटकें उतरून काढलेलीं असून त्यांपैकीं तीन विनोदी आहेत, आणि ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हें त्या तिहींतलें एक. नकलेचीं सालें १६९४ व १६९५. इंग्लंडांत कॅथलिक धर्माचें शिक्षण देण्यास बंदी असल्यामुळें इंग्रज कॅथलिकांनीं इ. स. १५६८ पासून दुए येथें विद्यालय चालविलें होतें. त्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांशीं या हस्तलिखिताचा संबंध जोडला जातो. प्रयोगास सोईची अशी काटछांट व जुनाट झालेल्या शब्दांच्या जागीं प्रचारांतले शब्द, हें या नकलांचें लक्षण होय. शुद्ध पाठाच्या शोधांत असलेल्या संपादकास अशी प्रत निरुपयोगी, कारण ती छापील ग्रंथावरून उतरलेली व वर बिघडविलेली. पण प्रयोगाच्या इतिहासास तीच मोलाची. कारण नाटक १६२३ सालीं छापून निघाल्यावर वाचकांनीं त्याचें काय केलें, कोठें कात्री लावली, कोणता शब्द त्यांच्या कानास परका झाला, हें तीच सांगते.

मग ज्या काळचें नाटक त्या काळचा वेष, हा नियम आला कोठून? शेक्सपियरच्या हयातींतल्या रंगभूमीवर तो नव्हता. लाँगलीट येथील संग्रहांत ‘टायटस अँड्रॉनिकस’ नाटकांतील पात्रांचें एक जुनें रेखाचित्र आहे. त्यांत रोमन सरदार रोमन वस्त्र पांघरून उभा आहे, आणि त्याचे शिपाई चित्रकाराच्या काळचे इंग्रज शिपाई आहेत. नियमाचा जन्म फार अलीकडचा. इ. स. १८२३ मध्यें जे. आर. प्लँशे यानें कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत ‘किंग जॉन’ नाटकाकरितां थडग्यांवरील मूर्ति, शिक्के व सचित्र पोथ्या पाहून पोशाख तयार करविले. तेव्हांपासून या रीतीनें जोर धरला. हा प्लँशे स्वतः जुन्या शस्त्रांचा, पोशाखांचा व वंशचिन्हांचा अभ्यासक होता. तात्पर्य, जुना वेष ही नटांची परंपरा नसून आमच्याच जातीच्या एका संशोधकानें नटांच्या अंगावर चढविलेली नवी वस्तु आहे.

डिसेंबर १८९५ मध्यें विल्यम पोएल यानें आपल्या एलिझाबेथन स्टेज सोसायटीच्या हौशी नटांकडून ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ पुनः त्याच ग्रेज इनच्या सभागृहांत करविलें. हा गृहस्थ पाठाच्या बाबतींत कडवा; इ. स. १८८१ मध्यें त्यानें ‘हॅम्लेट’च्या पहिल्या, अपभ्रष्ट मानल्या गेलेल्या छापील प्रतीचा प्रयोग हौशी नटांकडूनच केला होता. ग्रेज इनमध्यें त्यानें पडदे व देखावे दूर ठेविले. संगीत आर्नोल्ड डॉलमेच यानें जुन्या वाद्यांवर दिलें. आणि वेष दिला तो एलिझाबेथ राणीच्या काळचा, प्राचीन एफेससचा नव्हे. बर्नार्ड शॉनें वर्तमानपत्रांत या प्रयोगाची वाखाणणी केली. सर्व मांडणी जुनी, म्हणून पुराणप्रियांस ती पसंत पडावी हें स्वाभाविक. पण बारकाईनें पाहतां पोएलनें जें सिद्ध केलें तें त्यांच्या उलट आहे: १५९४ चे नट ज्या वेषांत उभे राहिले तो त्यांच्या प्रेक्षकांचाच नित्याचा वेष होता. तें सभागृह इ. स. १९४१ च्या बाँबवर्षावांत जळालें व १९५१ मध्यें पुनः बांधून झालें.

पोएलची हीच गोष्ट बॅरी जॅक्सन यानें दुसऱ्या टोकाकडून धरली. हौशी मंडळींतून वाढलेल्या आपल्या बर्मिंगहॅमच्या नाट्यसंस्थेकडून त्यानें १९२३ मध्यें ‘सिंबेलाइन’, १९२५ मध्यें ‘हॅम्लेट’ व १९२८ मध्यें ‘टेमिंग ऑफ द श्रू’ हीं नाटकें चालू पोशाखांत करविलीं. गहजब झाला तो ‘हॅम्लेट’वर अधिक, शोकनाटकांत आजचा कोट डोळ्यांत खुपतो, विनोदी नाटकांत तो चटकन् खपून जातो. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, विनोद हा ओळखीवर जगतो. सोनाराचा तगादा व बायकोचा संशय प्रेक्षकाच्या आळींतलाच असल्यावांचून हंसूं येत नाहीं.

आमच्या देशांत हें नाटक आलें तें या वाटेनेंच. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं इ. स. १८६९ मध्यें त्याची बंगाली गद्यकथा ‘भ्रांतिविलास’ लिहिली, तींत अँटिफोलसचा चिरंजीव व ड्रोमिओचा किंकर झाला, आणि गांवें जयस्थल व हेमकूट. मराठींत ‘भ्रांतिकृत चमत्कार’ हें रूपांतर १८७८ चें. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतील प्रो. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिका’ नाटकानें ‘टेमिंग ऑफ द श्रू’स असें कांहीं आपलें करून टाकलें कीं, पुष्कळ प्रेक्षकांस मूळ नाटकाची आठवणही राहिली नाहीं. हिंदी चित्रपटांत १९६८ मध्यें ‘दो दूनी चार’ व १९८२ मध्यें ‘अंगूर’ हीं त्याच घोटाळ्यांचीं रूपें. ज्यांस हा विपर्यास वाटतो त्यांनीं प्लॉटसच्या त्या नटाचें बोलणें पुनः आठवावें.

राहिला कागदांचा प्रश्न. आमच्याकडे पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीसारख्या सुशिक्षितांच्या हौशी मंडळ्यांनीं शेक्सपियर रंगभूमीवर आणला. धंदेवाल्यांनीं तो पुढें उचलला. छापील पुस्तकें ग्रंथालयांतून मिळतात. परंतु प्रत्येक नटास त्याच्या भाषणांची जी नक्कल उतरून देत ती, पडद्याआडून शब्द पुरविणाराची खुणा केलेली वही, आणि पोशाख कोणाकडून मागून आणले याची यादी, हीं कोणी जपून ठेवण्याजोगीं मानीत नाहीं. घर बदलतांना तीं रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं मधल्या मजकुरापेक्षां समास आधीं तपासावे. कोणतें भाषण खोडलें, कोणतें नांव बदललें, आणि पात्रापुढें पगडी लिहिली कीं टोपी, हें तेथेंच सांपडेल.